साडूंचं कमळ

खोपोलीपासून नेरळपर्यंत कमळावर माझ्या थोरल्या साडूंइतकं बोललेला माणूस झाला नाही, आणि दारात कमळ फुललेलं त्यांच्याइतकं कमी कुणी पाहिलेलंही नाही. भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दहिवलीच्या घरामागे तळं खणलं. तळं आपलं म्हणायचं. म्हैस बसली तर पाणी सगळं बाहेर. पहिल्या वर्षी टबात शेणखत भरून, त्यात कंद खोचून त्यांनी टब पाण्यात सोडला. खत वर तरंगलं, तळ्याचा चहा झाला आणि त्या वासानं दोन दिवस एसटी आमच्या थांब्यावर थांबली नाही. तेव्हापासून ते भेटेल त्याला धडा देतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांची बासुंदीची वाटी हातात धरून त्यांनी समजावलं, "खत नाय, निव्वळ चिकणमाती. वरून खडी, म्हंजे मासे उकरत नाय. टबाखाली विटा. पान वर आलं का एक वीट काढायची." व्याही अजून फोनवर आधी विचारतात, वीट काढली का.

दुसऱ्या वर्षीही फूल नाही. तेव्हा ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मुदत घातली. "अवो, दसऱ्यापत्तुर फूल दाखवा. नायतर तळं बुजवून मला वाळवणाला कोबा पायजे." नुसतं बोलून थांबल्या नाहीत, रेती-खडीचा टेंपो आणून कुंपणाशी ओतलाही.

साडूंच्या मते खोट मातीत होती. स्कूटरला घमेलं बांधून ते थेट आपल्या जुन्या शेतावर गेले. शेत विकून तीन वर्षं झाली होती. तिथं आता फार्महाउस आहे. एक कोपरा तेवढा पडीक राहिलाय. वॉचमननं विचारलं, काय पायजे. साडू म्हणाले, "माती. माझीच हाय."

त्या मातीतून कमळाचं बशीएवढं एक पान आलं आणि त्याच्याभोवती दाट हिरवं काहीतरी. "कमळाच्या सोबतीचं गवत हाय," साडू सांगत. "उपटलं का कमळ रुसतं." वीजघरातली पाळी संपली की थेट शेतात उतरून जन्मभर लावणी केलेला माणूस हे सांगत होता. कर्जत तालुक्यात भाताचं रोप न ओळखणारं पारडूसुद्धा सापडायचं नाही.

मी म्हटलं, "साडूभाऊ, तुमचं गवत लोंबीवर आलंय."

"ऱ्हाऊ द्या वो," ते म्हणाले आणि पाण्याकडे बघत बसले.

दसऱ्याच्या सकाळी मी गेलो. फूल नव्हतं. साडू काठावर मान खाली घालून बसलेले. ताई विळा घेऊन मागच्या दारी आल्या, पदर खोचून तळ्यात उतरल्या आणि कमळाचं पान हलकेच बाजूला सारून त्यांनी लोंब्या कापल्या. आमच्याकडे दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत बांधून दाराला लावतात. शेत गेल्यापासून ताई त्या बाजारातून आणत होत्या.

"कमळ नाय आलं गं," साडू म्हणाले.

"ते तुमचं तुमी बगा," ताई म्हणाल्या. "मला हे पुरे."

रेती-खडीचा ढीग अजून कुंपणाशी आहे. त्यातली बारीक खडी निवडून साडू टबांवर पसरतात. यंदा टब दोन आहेत, दोन्हींत शेतावरचीच माती. दुसऱ्यात कंद लावायचा राहूनच गेला, असं ते सांगतात.