कुरडयांशेजारी वाळवलेलं स्टेशन

स्टेशनचं छप्पर दोन्ही टोकांना वर वळलं होतं. फलाटाच्या मधोमध खळगा पडला होता. आई कुरडया उलटवता उलटवता म्हणाली, "अगं माय, तुझं टेसन तर पापडावानी दिसायलंय!"

संध्याकाळी ते छावणीत कर्नलसाहेबांकडं पोचवायचं होतं.

मी तेव्हा काझीसाहेबांच्या आर्किटेक्ट ऑफिसात मॉडेलमेकर होते. म्हणजे अजून न बांधलेल्या इमारती पुठ्ठ्याच्या करून दाखवायच्या. नोकरी कच्ची. कर्नलसाहेब आमचे क्लायंट. त्यांनी बंगल्यातल्या एका खोलीभर छोट्या रेल्वेचे रूळ टाकले होते. लेकीनं त्यांना जर्मनीहून स्टेशन, गोदाम आणि सिग्नल केबिनची प्लास्टिक किट पाठवली. किट म्हणजे भिंती, खिडक्या, कौलं असे सुटे भाग. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे.

"बेटा, दुसरं मिळणार नाही," काझीसाहेब म्हणाले. "बिघडलं तर उद्यापासून येऊ नको."

"सर, मी डिप्लोमात पहिली आलेय!"

जोडणी झकास झाली. इनॅमल रंग मात्र वाळेना. सूचनांचा कागद जर्मन. त्यावर एक सूर्य होता आणि त्याच्यावर काट मारलेली. माझ्यातल्या विदुषीला वाटलं, बिचाऱ्यांकडं ऊन पडत नसेल. आपल्याकडं तर मे महिना! मी स्टेशन गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवलं, धूळ बसू नये म्हणून वर काचेचं मोठं भांडं उपडं घातलं. थोडक्यात, भट्टी लावली.

संध्याकाळी कर्नलसाहेबांच्या बंगल्यावर काझीसाहेबांनी खोक्यात डोकावलं. "ये क्या है?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वेदरिंग, सर."

वेदरिंग म्हणजे नव्या मॉडेलला रंगानं जुनेपणा आणणं: गंज, काजळी, पावसाचे ओघळ. छप्पर वाकवणं त्यात येत नाही. पण मी थांबले नाही. "परदेशात हल्ली असंच करतात." मनमाडच्या पलीकडचं सगळं तेव्हा मला परदेशच होतं.

कर्नलसाहेबांनी चष्मा चढवला. बराच वेळ पाहिलं. "वाहवा! वर्षानुवर्षं उन्हापावसात उभं असल्यासारखं! आता गोदामही अस्संच करा."

काझीसाहेब खूश. मी गार.

गोदाम जोडलं, रंगवलं, गच्चीवर नेलं, तर आभाळ आलेलं. चार दिवस ऊन नाही. आई म्हणाली, "माझ्या कुरडया बी ओल्याच हायत, तुझं काय घेऊन बसलीस?" शेवटी मी इस्त्री तापवून छपराजवळ धरली. गोदाम वाकलं नाही, खाली बसलं. दमलेल्या म्हशीसारखं.

ते तसंच घेऊन मी छावणीत गेले. काझीसाहेब आधीच येऊन बसलेले.

"साहेब, ते वेदरिंग नव्हतं. कुरडयांबरोबर वाळत घातलं होतं."

काझीसाहेबांनी कपाळावर हात मारला. मग कर्नलसाहेबांनी विचारलं, "म्हणजे तसलं स्टेशन पुन्हा होणार नाही?"

"मला तर नाहीच जमणार."

"मग त्याला कुणी हात लावायचा नाही!" पुढं येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, असा पीस जगात एकच आहे. गोदामाला माती फासून त्यांनी त्याचा डोंगर केला.

जिना उतरताना काझीसाहेब म्हणाले, "कल आ जाना. लेकिन छत पे नहीं, ऑफिसमें."

सिग्नल केबिन मी पंख्याखाली वाळवली. सुतात सरळ आली. कर्नलसाहेब नाक मुरडून म्हणाले, "ही जरा नवशिक्याच्या हातची वाटते."

पुढं हाताखाली आलेल्या मुलींना मी दोनच गोष्टी शिकवल्या. प्लास्टिक सावलीत वाळवावं. आणि थाप मारायचीच तर दुसऱ्यांदा जमेल अशी मारावी.