बायकांच्या वार्डातली खाट

अनसिंगच्या पुंजाजी माळ्याच्या घरी तनुजा मुलगा म्हणून जन्मली. आपण मुलगी आहोत हे तिने विशीत घरी सांगितलं, तेव्हा बापाने अबोला धरला. आई हौसाबाई तेवढी चोरून फोन करायची. तनुजा वाशीमला आली आणि भाजीबाजारात मेथी-पालक घेऊन बसू लागली. बाकीच्या बाया सुरुवातीला तिच्यापासून जरा अंतर ठेवूनच बसत. पण शेजारची सोजरबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा तनुजाने तिचंही दुकान चालवलं. अंतर तिथून कमी होत गेलं.

गेल्या उन्हाळ्यात तनुजाच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स होतं. दवाखान्यात तिला कुठल्या वार्डात न्यायचं, यावरच घोळ सुरू झाला. स्ट्रेचर व्हरांड्यात तसंच पडून होतं. सोजरबाई बाजारातल्या चौघींना घेऊन आली.

"आमची पोरगी हाय हे. बायाईच्या वार्डात घ्या तिले."

नर्सने आत नेलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा कुरकुरला. सोजरबाई त्याला शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमची बायको बिमार, तशी हेबी बिमार. तिचं दुखनं दिसून नाही राह्यलं का तुमाले?"

खाटेवरची बाईच म्हणाली, "राहू द्या इथंच."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तनुजा रडू लागली.

"काहून रडून राह्यली? लय दुखते का?" सोजरबाईने विचारलं.

"नाही मावशी. मले वाटलं, मी एकटीच असीन."

बरी झाल्यावर तनुजाने राहत्या खोलीचं दार आपल्यासारख्यांसाठी उघडं ठेवायला सुरुवात केली. टायरच्या दुकानातला इंद्रभान सगळ्यांत आधी आला. तो मुलगी म्हणून वाढलेला. घरमालकाला कळल्यावर त्याला खोली सोडावी लागली होती. मग एक कॉलेजातलं पोर आलं, 'मी बाईबी नाही, मानूसबी नाही,' म्हणणारं. सोजरबाईला ते काही उमजलं नाही. तिने फक्त विचारलं, "जेवलं का तू?"

आता बाजार बंद असतो त्या दिवशी सगळे तिथे जमतात. कुणाला डॉक्टरकडे जायचं असतं, कुणाला घरच्यांशी बोलायचं असतं. सोबत कुणीतरी जातं. पुंजाजी अजून बोलत नाहीत. हौसाबाई मात्र परवा उघडपणे एसटीने आली, लेकीच्या खोलीत मुक्कामी राहिली, आणि सकाळी तिच्याबरोबर बाजारात जाऊन बसली.