काकूंचं एक ताट

काकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी निशातगंजच्या बाजारात भाजी घेत होते. त्यांची लेक म्हणाली, "दीदी, मम्मी नहीं रहीं. हार्ट..." आणि मला पहिली आठवली ती निशा, त्यांची मांजर. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

निशा मीच त्यांना दिली होती. काकू साताऱ्याच्या, काका रेल्वेत इंजिनिअर होते म्हणून लखनौला आलेल्या, ते गेल्यावरही विकास नगरातच राहिल्या. माणसांच्या उष्ट्या-खरकट्याचं त्यांना भारी वावडं, मांजरांना मात्र एकच ताट. "जनावराला कसलं गं उष्टं!" म्हणायच्या. त्यांची जुनी मनी आणि ही बाजारात सापडलेली निशा डोक्याला डोकं लावून दूधभात खायच्या. पिल्लू हातात घेताना काकूंनी विचारलं होतं, "डॉक्टरला दाखवलंस ना? रक्त तपासलं?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. तपासलं नव्हतं.

पुढे मनी खंगत गेली. ताप उलटायचा, हिरड्या पांढऱ्याफटक. तपासणीत दोघींनाही मांजरांचा ल्युकेमिया निघाला, निशा वरून ठणठणीत असूनही. डॉक्टर म्हणाले, "इसका इलाज नहीं है, माताजी. थूक से फैलता है, जूठे बर्तन से. छोटी वाली का टेस्ट कराके लाए थे?" माझ्याआधी काकूच बोलल्या, "हाँ हाँ, कराया था." मी गप्प बसले...

रिक्षात त्यांनी माझा हात धरला. "तू चांगली निरोगी पोर आणून दिलीस, आणि मनीचं उष्टं खाऊ घालून मी तिला रोग लावला. माफ कर गं." तेव्हाही मी बोलले नाही. इतकी भित्री मी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मनी महिनाभरात गेली. काकूंनी निशाला वेगळी वाटी केली, घराबाहेर सोडणं बंद केलं. रोज सकाळी तिचा ओठ वर करून हिरड्या बघायच्या, अंग जरा गरम लागलं की दवाखाना गाठायच्या. त्यांच्या स्वतःच्या छातीत दुखत होतं, ते मात्र कुणाला बोलल्या नाहीत.

दहाव्यानंतर लेकीनं निशा आणि तिची वाटी माझ्याकडे दिली. "मम्मी बोल गई थीं, आपको ही देना. और दीदी... आपसे एक बार फिर माफ़ी माँगी थी उन्होंने."

आता मी रोज सकाळी निशाचा ओठ वर करते. हिरड्या अजून गुलाबी आहेत. मग ती वाटी वेगळी घासते आणि घासताना मोठ्यानं म्हणते, "काकू, मी तपासलं नव्हतं."