घरच्या चाळीस खुणा

शिवणकारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत, कारण दिवसभर ती शर्टांना काजं करायची. हाताने चपळ, तोंडाने फटकळ. घरी मात्र तोंडाला सुट्टी. घरात दोघीच, आणि लेक जन्मापासून बहिरी.

दोघींनी मिळून चाळीसेक खुणा जमवल्या होत्या. कान ओढला की थोरली काकू, कारण तिची कर्णफुलं जड. नाक मुरडलं की शेजारीण. कारण सांगायला नको. भूक, झोप, दुखतंय, चल, नको. "माझ्या पोरीच्या मनातलं मला न सांगता कळतं," असं ती कारखान्यात छातीठोकपणे सांगायची.

नवव्या वर्षी लेक बहिऱ्या मुलांच्या शाळेत गेली. तिथल्या बाई स्वतः बहिऱ्या. आधी गोष्ट हातांनी सांगायच्या, मग तीच फळ्यावर इंग्रजीत लिहायच्या. दोन वर्षांत पोरीचे हात असे काही चालू लागले की बघणाऱ्याला धाप लागावी. दाराशी मैत्रिणी आल्या की तासन्‌तास हातवारे आणि खिदळणं. काजवाली आतून बघत बसायची. तिने कान ओढून काही विचारलं तर लेक हसून भलतीच खूण करायची, हे असं म्हणतात म्हणून. आपल्याच घरात तिला पाहुण्यासारखं वाटू लागलं.

शाळेने पालकांसाठी रविवारचा वर्ग काढला. "माझ्याच पोरीशी बोलायला मी शिकवणी लावू?" असं ती मुख्याध्यापकांना तोंडावर सुनावून आली. खरं तर तिला धास्ती होती. शिकायला बसणं म्हणजे इतकी वर्षं आपल्याला बोलता येत नव्हतं, हे कबूल करणं.

मग एकदा लेक वही घेऊन समोर बसली. शाळेत लहानपणची आठवण लिहायला दिली होती. वर काकूचं दार आणि दारात बसलेली मुलगी काढलेली, खाली इंग्रजी ओळी. लेक हातांनी पुन्हा पुन्हा काही विचारत होती. काजवालीला अवाक्षर कळेना. दुसऱ्या दिवशी तिने वही कारखान्यातल्या कटिंग मास्तरांपुढे धरली.

मास्तर अडखळत अर्थ सांगू लागले. "मी पाच वर्षांची होते. आई मला काकूच्या दारात सोडून गेली. मला वाटलं, तिने मला देऊन टाकलं. नऊ दिवसांनी आली. कुठे गेली होती, मला अजून माहीत नाही."

तेव्हा काजवालीच्या पोटाचं ऑपरेशन होतं. तिने कान ओढून दाखवला होता, 'चल' केलं होतं, आणि पोरीला सगळं समजलं असं धरून चालली होती. परत येईन म्हणायला खूणच नव्हती, हे सहा वर्षांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. नंतर पोर महिनाभर पदर सोडत नव्हती, ते तिला लाड वाटले होते.

सुट्टी होताच ती शाळेत गेली. बाई फळा पुसत होत्या. तिने वही दाखवली, पोटावरून बोटाने आडवी रेघ ओढली आणि दोन्ही हात पुढे केले. बाईंनी ते हातात घेतले आणि तिला खुणा शिकवल्या. वाटभर ती त्या घोकत गेली. लोक वळून बघत होते.

घरी लेकीसमोर बसून तिने हातांनी सांगितलं. हॉस्पिटल. पोट. तुला दिलं नव्हतं.

लेकीने आईची बोटं हळूच नीट केली, आणि पुन्हा सांग म्हणाली.