नवं दावं

काथ्याच्या नव्या दोरीचा वास आला की पोलादपूरच्या शाळेचा व्हरांडा आठवतो. वर्गातल्या एकाला वडिलांनी आखातातून हातात मावणारा व्हिडिओ गेम पाठवला होता. त्यात जंगलातले अजब प्राणी पकडून झुंजवायचे. पठ्ठ्या कुणाला हात लावू देईना. त्याची चीड मला अजून येते! वरच्या वाडीतली आमची मैत्रीण मात्र रुसली नाही. त्याच्या खांद्यावरून बघून बघून तिने तो खेळ सरळ फरशीवर आणला. फोडलेले चिंचोके हे फासे, आणि ती बोलेल ते जंगल. सगळा वर्ग तिच्याभोवती जमू लागला. शेवटी तो गेमवालाही आला आणि त्याने तिचा ढगातला रेडा पकडला.

"माझा झाला!"

"नवं दावं आणलंस का रे?"

"गेममध्ये दावं नसतं."

"आमच्यात असतं. जनावर दिलं तरी जुनं दावं धनी ठेवतो. नवं नाय, तर रेडा चालला घरी."

रेडा गेला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा खरोखर काथ्याची नवी दोरी घेऊन आला. दुसऱ्या हाताने त्याने गेम पुढे केला. "घे, तूपण खेळ."

"ठेव तो बाजूला," ती चिंचोके खुळखुळवत म्हणाली, "आधी तुझी पाळी हाय."

आज कामावरच्या सभेत कुणी साधनं नाहीत म्हणून रडगाणं लावलं, की मी विचारतो, चिंचोके तरी आहेत ना?