घोंगडीवाल्या मामांचं चाक

“दात दावा.”

मानवतच्या माझ्या सायकल दुकानात पाऊल टाकल्यावर मामा पहिलं हेच बोलले, आणि दात दाखवायचे होते सायकलच्या चाकाने! मामा वालूरकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मेंढा घेताना दात बघायचे, पाठ चाचपायची, ही त्यांची रीत. चाकालाही त्यांनी तीच लावली. रिमवरून तळवा फिरवला, एकेक आरा नखाने वाजवला, कान लावून ऐकला. तुम्हाला खोटं वाटेल, पण तेवढा वेळ दुकानातल्या सगळ्या चाकांनी श्वास रोखून धरला होता.

“हे रोगट हाय,” मामा म्हणाले.

“अहो, कालच पेटीतून काढलंय!”

“म्हनूनच. बाजार बघितला न्हाई त्यानं अजून.”

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती ती. आज बंद, उद्या रस्ता अडवलेला. एसटी सुटली तर सुटली. आणि मामा हिवाळ्यात घोंगड्या विकायला जायचे ती गावं तशीही एसटीच्या वाटेवर नव्हती. त्यांना सायकल हवी होती, आणि तिचं मागचं चाक असं, की खड्ड्यात पडलं तर खड्ड्याला लागावं.

“वझं किती?” मी विचारलं.

“घोंगड्याची दोन गठुडी. आन् वरून... हाय थोडं.”

“वरून काय?”

मामा टायरशी बोलायला लागले. “वझंच की हो. वझ्याला काय नाव असतंय?”

मी रात्री बसून दुसरं चाक बांधलं. दुसऱ्या दिवशी ते त्याची परीक्षा घ्यायला एडका घेऊन आले. एडका कसला, शिंगं फुटलेला मालगाडीचा डबा. आम्ही चौघांनी तो कॅरिअरवर चढवून बांधला आणि मामांनी बाजारातून चक्कर मारली. एडका असा खूश, की उतरायला तयार होईना. चाक तसूभर हललं नाही. मामांनी रिमला थोपटलं, सायकल घेतली आणि गेले.

आठवड्याच्या आत दुकानासमोर बैलगाडी उभी राहिली. मामा पायी, आणि गळ्यात हारासारखं ते चाक. निम्मे आरे तुटून बाहेर लोंबत होते. गाडीत उरलेली सायकल, घोंगड्यांचा ढीग, आणि ढिगावर एक बाई. अशी भरगच्च, की आधी ती दिसली आणि मग बैल दिसले.

“कोन त्यो मिस्त्री?” बाईंनी आवाज दिला. समोरच्या हॉटेलातल्या कपांनी बशा सोडल्या.

या मामी. वझं म्हणजे या.

पूर्वी दोघं पायीच फिरायची. मामा ओझं वाहायचे, मामी विकायच्या. मामांना विकणं जमत नसे. गिऱ्हाईक “महाग आहे” म्हणालं, की मामा म्हणायचे, “हाय खरं.” मग मामींच्या अंगावरून वारं गेलं आणि डावा पाय लुळा पडला. मागच्या हिवाळ्यात मामा एकटे निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले.

“ही भिताडाकडं तोंड करून बसती,” मामा हळू म्हणाले, पुन्हा टायरकडेच बघून. “बोलतबी न्हाई. लय बोलनारं मानूस हो.”

“आता बोलते ना!” मामी कडाडल्या. “पेडगावच्या शिवारात आडवी झाले. बाप्यांनी मला पोत्यावानी उचलून गाडीत टाकलं. आनखी एकदा मोडलं की झालं. मग मी आन् माझं भिताड. पुन्यांदा न्हाई बसनार.”

मामांचा चेहरा पाहिला आणि माझा पाना हातातच राहिला.

“बसला होतात कशा?” मी विचारलं. मामींनी दाखवलं: दोन्ही पाय एका बाजूला. बोंबला! मी चाक बांधलं होतं दोन्हीकडे सारख्या लोंबणाऱ्या गठुड्यांसाठी. यांचा सगळा भार एका अंगाला, आणि वर दर शेतातल्या बाईला वळून हाक. त्या एकाच बाजूच्या आऱ्यांनी किती सोसावं?

“मामा, सांगायचं तरी!”

“बायकूला सायकलीवर बसवून गावं हिंडायलोय, हे चारचौघात कसं सांगू?”

“एडका बसवला,” मामी म्हणाल्या, “आन् मला बसवतोय म्हनायची लाज!”

मी पुन्हा चाक बांधायला घेतलं. जाड पत्र्याची रिम, दूधवाल्यांच्या सायकलींचे जाड आरे, जिथे आरा आऱ्याला ओलांडतो तिथे तारेचा वेढा. लुळा पाय चाकात जाऊ नये म्हणून आडवा पत्रा ठोकला, पाय ठेवायला पट्ट्या लावल्या. पण भार मधोमध आल्याशिवाय यातलं काहीच टिकणार नव्हतं. तसं मी बोललो.

“मग काष्टा कशाला घातलाय मी?” मामी म्हणाल्या. “बापाच्या तट्टावर दोनीकडं पाय टाकून बसायचे.”

“लोक हसतील की,” मामा पुटपुटले.

“हसू द्या. हसनारा मानूस थांबतोय. थांबला की घोंगडी इकायची.”

मामी बसल्या. दोन्हीकडे पाय, कमरेत ताठ, स्वारीला निघाल्यासारख्या. अख्खा मानवत बाजार दाराशी आला. कापसाच्या गाड्या थांबल्या, तराजू थांबले. धान्याच्या दुकानापुढे एक खड्डा होता, ज्यात म्हणे एकदा म्हैस हरवली होती. मामांनी सायकल बाजूने काढायला घेतली.

“त्याच्यातूनच घ्या!” मामी मागून ओरडल्या. “काय व्हायचं ते हितंच हू द्या.”

मामांनी डोळे मिटले. खरंच मिटले, मी पाहिलं. सायकल खड्ड्यात गेली, दिसेनाशी झाली, चाक एकदा कण्हलं, आणि दोघं पलीकडून वर आली. मामी इतक्या मोठ्याने हसल्या, की हसायला आलेले लोक गप्प झाले.

“फेरी झाली की आउट काढायला येतो, मिस्त्री!” मामांनी हात वर केला. नव्या चाकाचा वाकडेपणा एकदा काढून घ्यावाच लागतो.

ते आले नाहीत. त्या हिवाळ्यात नाही, पुढच्याही नाही. एसटीचे ड्रायव्हर सांगायचे, जिंतूरकडे दिसले, मग गंगाखेडकडे, मग असं गाव, जे माझ्या मते नकाशातही नव्हतं. एकाने हॉर्न दिला, तर म्हणे मामींनी काठी हलवून एसटीलाच बाजू मागितली.

चाक मजबूत बांधलं की हे असं होतं. गिऱ्हाईक परत येत नाही. आपल्याच हाताने बांधलेल्या चाकाचा आरा तुटावा म्हणून वाट पाहणारा मिस्त्री माझ्याशिवाय दुसरा नसेल. फार नको. एकच. आणि मानवतच्या जवळ कुठेतरी.