सरपंचताईंची कात्री

पौड रस्त्यावरच्या एका गावच्या सरपंचताईंच्या पर्समध्ये कायम कात्री असते. उद्घाटनाला फीत बांधणारे कात्री हमखास विसरतात, हा त्यांचा अनुभव. सलून असो, खानावळ असो की टायरचं दुकान, त्या जातात, फीत कापतात, "लई बेस झालं" म्हणतात आणि पेढा तोंडात असतानाच निघतात. बातमीसाठी मला त्यांच्याकडून याहून लांब भाषण कधी मिळालेलं नाही.

परवा डोंगराकडच्या वस्तीवर नळाचं उद्घाटन होतं. तिथल्या बायका वर्षानुवर्षं ओढ्यावरून हंडे वाहतात. ताईंनी आधी नळ सोडून पाहिला. नुसती हवा आली.

"पाणी संध्याकाळपर्यंत येतंय, ताई. तुम्ही फीत कापा, फोटो होऊ द्या," ठेकेदार म्हणाला. फोटो निघाला की ठेकेदार पुन्हा फिरकत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

ताईंनी पर्समध्ये हात घालून चाचपलं. "कात्री घरीच राहिली बगा."

कात्रीची मूठ पर्सबाहेर डोकावत होती. ठेकेदारानं ती पाहिली. मीही पाहिली.

गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "नारळ तरी फोडा, बाई. त्यात तरी पाणी आसंल."

ताईंनी नारळ फोडला, पाणी म्हातारीला पाजलं आणि नळाच्या कट्ट्यावर मांडी घालून बसल्या.

"तुमी वर जाऊन टाकी बगा," त्या ठेकेदाराला म्हणाल्या. "नळाला पाणी घावलं, की कात्री बी घावंल."

ठेकेदार पाइपच्या कडेकडेनं डोंगर चढू लागला.